शेंबडाला सुट्टी आणि तापाला शाळा?

पावसाळा लागला की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच. नाक वाहत असेल, खोकला असेल तर मूल पूर्ण बरं होईपर्यंत शाळेत पाठवू नका. शेंबूड हिरवा झाला की अँटिबायोटिक लागतंच. ताप असेल तर सकाळी औषध द्या, उतरला की पाठवायला हरकत नाही. जुलाब थांबले की दुसऱ्या दिवशी शाळा. डोळे आलेल्या मुलाकडे बघूसुद्धा नका. आणि शेवटी हात जोडून, ‘प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा.’

मी बालवाडीत शिकवते, त्यामुळे हा मेसेज कोणी किती मनावर घेतलाय ते मला हजेरी घेतानाच कळतं. तो फार कडक आहे किंवा फार ढिला आहे, अशी माझी तक्रार नाही. ढील द्यायची तिथे तो कडक आहे आणि कडक व्हायचं तिथे ढिला.

नाकापासूनच सुरुवात करू. लहान मुलांना वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणं अगदी सर्वसाधारण आहे, आणि एकेक सर्दी दहाएक दिवस रेंगाळते. मेसेज शब्दशः पाळला तर मूल वर्षातले साठ ते ऐंशी दिवस घरी बसेल. एवढं करून वर्गातली सर्दी थांबेल का? तर नाही. सर्दीचा विषाणू सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त पसरतो, आणि नाक गळायला लागायच्या आधीच त्याची सुरुवात झालेली असते. आठव्या दिवशी जरासं नाक ओढणाऱ्या मुलाला घरी ठेवून फारसं काही साधत नाही. इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी क्रिस व्हिटी यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये शाळांना पत्र लिहून हेच सांगितलं होतं: किरकोळ खोकला, वाहतं नाक, घसा खवखवणं एवढ्यावर मुलांना घरी ठेवायची सहसा गरज नाही, ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप असेल तर मात्र ठेवा. आपले वर्ग तिकडच्यापेक्षा दाटीचे असतात, हे मान्य. पण म्हणून आठव्या दिवशीचा शेंबूड जास्त धोकादायक ठरत नाही. मूल नेहमीसारखं खातंय का, खेळतंय का, आदळआपट करतंय का, हे बघा. करत असेल तर खिशाला रुमाल लावून पाठवा.

हिरव्या शेंबडाची भीती सगळ्यांत चिवट. रंग हिरवट होतो तो आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे. त्या विषाणूशी लढायला नाकात गोळा होतात आणि त्यांच्यातलं एक एन्झाइमच हिरव्या रंगाचं असतं. साध्या सर्दीतही तीन-चार दिवसांनी शेंबूड घट्ट आणि पिवळा-हिरवा होतो, नंतर आपोआप निवळतो. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. डॉक्टरांना दाखवायचं ते रंगावरून नव्हे. दहा दिवस झाले तरी काडीचा फरक नाही, किंवा बरं वाटता वाटता पुन्हा ताप चढला, तर दाखवा. मागच्या वेळची अर्धी उरलेली बाटली मात्र काढू नका.

खोकल्याचंही तेच. सर्दी गेल्यावर खोकला दोन-तीन आठवडे मागे राहतो, आणि तोवर मूल घरी ठेवणं म्हणजे अर्धी सहामाही बुडवणं. मात्र पोट उडत असेल, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत असेल, खोकून खोकून उलटी होत असेल, तर शाळेचा विषय बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. १ ते ५ वर्षांचं मूल शांत बसलेलं असताना मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, तर ती धोक्याची खूण आहे. घड्याळ समोर ठेवून पूर्ण मिनिट मोजा.

आणि शाळेत खोकू नये म्हणून सकाळी एक चमचा सिरप पाजण्याची सवय सोडा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असा इशारा बाटलीवर छापायला सांगितलं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची वीसहून जास्त मुलं दूषित कफ सिरपने दगावली. त्यातली अनेक नागपूरच्या रुग्णालयांत दाखल होती. तेव्हा केंद्राने पुन्हा बजावलं: दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं लिहूच नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा देऊ नयेत. ते सिरप भेसळीचं होतं, हे खरं. पण ज्या औषधाची मुळात फारशी गरज नाही, त्यासाठी एवढी जोखीम कशाला?

आता ताप. मेसेजमधला सर्वांत घातक सल्ला हाच आहे. पॅरासिटामॉल आजार घालवत नाही, चार-सहा तास ताप खाली ठेवतं. सकाळी साडेसातला डोस देऊन सोडलेलं मूल दारात हसत टाटा करतं. साडेअकराला ते डबा न उघडता बाकावर डोकं टेकून बसलेलं असतं. मग आमची फोनाफोनी, आईची धावपळ, आणि मधल्या काळात ते शेजारच्याच्या मांडीवर लोळलेलं. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर मूल घरी राहील. औषध न देता पूर्ण २४ तास ताप आला नाही, की मग शाळा. थर्मामीटर नसेल तर एक घ्या. हात लावून ‘थोडी कणकण आहे’ म्हणणाऱ्या घरातून १०२ घेऊन आलेलं मूल मी पाहिलंय.

शिवाय पहिल्या दोन दिवसांचा ताप नेमका कशाचा, हे कोणालाच ठाऊक नसतं. गोवर आधी ताप, सर्दी, खोकला, लाल डोळे अशाच रूपात येतो, पुरळ नंतर उठतं. आणि पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासून पुढे चार दिवस तो पसरतो. २०२२च्या अखेरीला मुंबईत गोवंडी आणि आसपास गोवराची साथ आली, मुलं दगावलीही. ९ महिन्यांचा आणि १६ ते २४ महिन्यांचा डोस झालाय का, हे अशा वेळी लसीकरणाच्या कार्डावर बघून घ्या.

डेंगीत तर ‘ताप उतरला, आजार गेला’ हे वाक्य जिवावर बेतू शकतं. त्यातला कठीण काळ बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरतानाच सुरू होतो. ताप गेलाय पण मूल मलूल आहे, पोट दुखतंय म्हणतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, लघवी कमी झालीय, तर त्याच दिवशी डॉक्टर. शाळेचं नंतर बघू.

जुलाब-उलटीला मेसेज एक दिवस देतो. शेवटच्या जुलाबानंतर किंवा उलटीनंतर ४८ तास घरी, हा नियम धरा. बालवाडीतल्या मुलाला स्वतःचं नीट धुता येत नाही, नळ एक, खेळणी सगळ्यांची. दप्तरात सॅनिटायझरची बाटली घालून भागत नाही. उलटी-जुलाबाच्या काही विषाणूंवर ते नीट चालत नाही, साबण-पाणीच लागतं. कांजिण्यांनाही असाच पक्का नियम आहे: सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी.

डोळ्यांचं थोडक्यात. २०२३च्या जुलैत आळंदीपासून सुरू होऊन राज्यभर डोळ्यांची साथ पसरली तेव्हा काळे चष्मे लावून मुलं वर्गात आली होती. नुसतं बघून डोळे येत नाहीत. डोळे चोळलेला हात, टॉवेल, रुमाल यांतून येतात. चष्म्याचा उपयोग एवढाच की हात डोळ्याकडे कमी जातो. चार वर्षांचं मूल चोळायचं थांबत नाही, म्हणून पाणी आणि चिपडं येत असेपर्यंत घरी ठेवलेलं बरं. उवांसाठी मात्र शाळा बुडवायची गरज नाही, फणी पुरे.

आमच्याकडूनही एक चूक होते, तिच्याबद्दल मेसेज गप्प आहे. वर्षअखेरीला शंभर टक्के हजेरीचं बक्षीस द्यायचं आणि जूनमध्ये ‘आजारी मुलांना पाठवू नका’ म्हणायचं, हे जमत नाही. ते बक्षीस बंद करा, असं मी बैठकीत म्हणते. अजून झालेलं नाही.

राहिलं ‘प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा’. धुणीभांडी करणारी आई एक दिवस घरी राहिली तर तिचा खाडा धरला जातो. आठव्या दिवशीच्या शेंबडासाठी तिला घरी बसवणं हा अन्याय आहे, आणि सकाळच्या डोसमागे बरेचदा तीच धास्ती असते. पण रजा काढायची तर ती आईनेच, हे कोणी ठरवलं? प्रवेशाच्या फॉर्मवर दोन नंबर असतात. मी हल्ली वडिलांचा आधी लावते.