लेबर रेट की विथ मटेरियल

गेमिंग कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की बाकी जगापुढे दोन रस्ते असतात. तयार डबा उचला, नाहीतर सुटे पार्ट मागवून घरी बसून स्वतः जोडा. नागपुरात यावर फार पूर्वीच तोडगा निघालेला आहे. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मोदी नंबरच्या गल्लीत जायचं, काउंटरवर यादी ठेवायची आणि 'असेंबल करून द्या' म्हणायचं. पार्ट आपण निवडलेले असतात म्हणून चारचौघांत 'मी बिल्ड केला' असं सांगता येतं, आणि स्क्रू दुसऱ्यानं पिळलेले असतात म्हणून पुढेमागे काही जळलं तर भांडायला माणूस राहतो. इतकी सोयीची व्यवस्था असताना मी ऐन उन्हाळ्यात घरादाराची झोप का उडवली, हे बायको अजून विचारते.

कॉम्प्युटर मलाच हवा होता, हे आधी सांगून टाकतो. लोकांना वाटतं पोरासाठी असेल. पोरगा अकरावीत आहे आणि तो जे खेळायचं ते मोबाइलवर, पांघरुणात खेळतो. माझं वय 43. घरात जाहीर केलं तेव्हा बायको म्हणाली, "अहो, तुमच्या वयाची माणसं सकाळी फुटाळ्यावर फिरायला जातात." चिरंजीवांनी फक्त बजेट विचारलं. मी 70,000 म्हटलं. त्यानं माझ्याकडे अशा काही मायेनं पाहिलं, की क्षणभर मला मीच अकरावीत असल्यासारखं वाटलं.

"आणि खेळणार काय, पप्पा?"

"जीटीएचा नवा भाग येतोय ना."

"तो फक्त प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्ससाठी जाहीर झालाय. पीसीचं नावच नाही."

हे मला ठाऊक होतं. मागचा भागही 2013 साली कन्सोलवर आला आणि पीसीवाल्यांना थेट 2015 उजाडावं लागलं. माझा हिशोब साधा होता: तो पीसीवर येईपर्यंत हप्ते फिटलेले असतील.

तयार डब्यांपासून सुरुवात केली. ऑनलाइन एक जाहिरात दिसली: 'आय सेव्हन गेमिंग पीसी, 16 जीबी रॅम, ग्राफिक कार्डासह, 24,999 फक्त'. पुढच्या काचेतून निळे-जांभळे पंखे फिरताना दिसत होते. मला तो आवडला. चिरंजीवांनी खाली बारीक अक्षरात शोधलं तेव्हा कळलं, की आय सेव्हन तिसऱ्या पिढीचा, म्हणजे 2012 सालचा, आणि ग्राफिक कार्ड जीटी 730, म्हणजे 2014 मधलं. पंखे तेवढे या वर्षीचे होते. नामांकित कंपन्यांचे डबे पाहिले तर तिथं वेगळीच गंमत. प्रोसेसर आणि कार्डाची नावं जाहिरातीत ठळक, पण एसएमपीएस, म्हणजे आत सगळ्यांना वीज पुरवणारा भाग, किती वॅटचा, कोणाचा, याबद्दल कंपनी मौन पाळते. रॅमची एकच पट्टी, कारण दोन लावल्या तर वेग वाढतो आणि खर्चही. काहींचा मदरबोर्ड तर अशा खास मापाचा, की उद्या डबा बदलायचा म्हटला तर बाजारातल्या दुसऱ्या कुठल्याही डब्यात तो बसणार नाही. ऑफिसातल्या एका मित्रानं यावर एका वाक्यात निकाल दिला: "भाऊ, लॅपटॉप घेऊन टाका ना, कायले डोक्याले ताप?" त्याचा लॅपटॉप दुपारी तीननंतर कूलरशिवाय चालत नाही, म्हणून हा सल्ला मी मनावर घेतला नाही.

मग सुट्या पार्टांचा अभ्यास. हे प्रकरण एकदा सुरू झालं की संपत नाही. प्रोसेसर बसतो त्या खाचेला सॉकेट म्हणतात, आणि एएम4 सॉकेटच्या बोर्डावर एएम5 चा प्रोसेसर बसत नाही. एएम5 घ्यावा तर त्याला डीडीआर5 या नव्या पिढीची रॅमच लागते, घरातली जुनी पट्टी चालत नाही. आणि नेमकी रॅमच महागलेली. आम्ही गेमवाले कायम कोणाच्या तरी सोन्याच्या खाणीशेजारी राहत आलो आहोत. 2021 मध्ये इथेरियम हे आभासी चलन कॉम्प्युटरवर 'खोदणाऱ्यांनी' बाजारातली ग्राफिक कार्डं पळवली. 2022 च्या सप्टेंबरात इथेरियमनं खोदकामच बंद केलं, तेव्हा कुठे कार्डांचे भाव माणसात आले. आता एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी हवी आहे. 2025 च्या डिसेंबरात तर मायक्रॉननं क्रुशियल हा आपला किरकोळ गिऱ्हाइकांचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. दुकानदाराला फोन करून 16 जीबीचा भाव विचारला तर तो म्हणाला, "साहब, अभी का बोलूँ, के शाम का?"

पण नागपूरकरासमोरचा खरा प्रश्न ना सॉकेटचा असतो ना रॅमचा. तो असतो मे महिन्याचा. 2013 साली इथं 47.9 अंशांची नोंद झालेली आहे. 2024 च्या मे महिन्यात तर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. पुढे हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. नागपूरकरांना मात्र त्या सेन्सरबद्दल फारशी तक्रार नव्हती. उन्हात उभं राहिल्यावर आपलंही तेच मत असतं. आता कॉम्प्युटरच्या पंख्याचं शास्त्र असं, की तो खोलीतलीच हवा आत ओढतो. खोली 40 अंशांवर असेल तर पंखा कितीही महागाचा घ्या, प्रोसेसर 40 च्या खाली जाणं शक्य नाही. पाण्यानं थंड करणारा लिक्विड कूलर लावला तरी शेवटी त्याच्या रेडिएटरवर फिरणार तीच हवा. परदेशातले तज्ज्ञ व्हिडिओत '21 अंशांच्या खोलीत चाचणी घेतली' असं सांगतात, तेव्हा मी व्हिडिओ बंद करतो. 21 अंश आमच्याकडे डिसेंबरात असतात आणि तेव्हा आम्ही स्वेटर घालतो.

"मग कूलरसमोर ठेवा की," बायको म्हणाली. तिचं म्हणणं तर्काला धरून होतं. पण आपला कूलर हवा गार करतो ती ओली करून. नव्या मोटरच्या भरात तर ताट्यांमधून बारीक तुषारही उडतात. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, त्या हवेत माणूस सुखानं झोपतो. मदरबोर्ड झोपला तर उठत नाही.

या सगळ्या काळात बाबा पेपर वाचत होते. बाबा सार्वजनिक बांधकाम विभागातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यापुरता. पण एका संध्याकाळी माझा आणि चिरंजीवांचा आवाज फार चढला तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर नेला.

"म्हणजे वाद काय होऊन राहिला? लेबर रेटनं द्यायचं की विथ मटेरियल, एवढाच ना?"

आम्ही दोघंही गप्प झालो. एवढा अभ्यास करून आमच्यापैकी एकालाही प्रश्न इतका नेमका मांडता आला नव्हता.

मनीष नगरातलं आमचं घर बाबांनी 1994 साली लेबर रेटनं बांधलं. सिमेंटच्या गोण्या मोजून घेतल्या, लोखंड वजन करून घेतलं, आणि ठेकेदाराला फक्त मजुरी दिली. विथ मटेरियल दिलं की ठेकेदार जे दिसतं त्यावर खर्च करतो आणि जे दिसत नाही त्यात वाचवतो, हा त्यांचा सिद्धांत. कंपनीच्या डब्यातल्या एसएमपीएसबद्दल मी कितीतरी लेख वाचून जे शिकलो, ते त्यांनी पेपरची घडी घालता घालता सांगितलं. मग त्यांनी वही मागवली. पानावर डावीकडे 'बाब', मग 'परिमाण', 'दर', 'रक्कम'. बाब क्रमांक एक: वीजपुरवठा.

"कार्ड किती घेते?"

"आरटीएक्स 5060 आहे आजोबा, 145 वॅट."

"प्रोसेसर?"

"रायझन 5 7600. जास्तीत जास्त 88."

"झाले 233. पंखे-बिंखे, डिस्क, धर 70. तीनशेच्या वर थोडं. मग हा 550 कशाला म्हणून राहिलाय?"

"कार्डाची कंपनीच तेवढा सांगते."

बाबांनी पेन थांबवलं. "म्हणजे जवळपास पावणेदोनचा फॅक्टर ऑफ सेफ्टी. शहाणी कंपनी आहे. आपण 650 घेऊ."

बर्डीवर आम्ही तिघं गेलो, टळटळीत दुपारी, कारण बाबांच्या मते दुपारी दुकानदाराला बोलायला वेळ असतो. बाबांच्या शर्टाच्या खिशात त्यांचा जुना पोलादी टेप होता. तो कशाला घेतला हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. दुकानदारानं दोन एसएमपीएस काउंटरवर ठेवले. दोन्हींवर 650 लिहिलेलं, भावात मात्र निम्म्याचा फरक. चिरंजीव '80 प्लस ब्राँझ' वगैरे समजावू लागले. बाबांनी एक डाव्या हातात घेतला, एक उजव्या. डोळे मिटले. स्वस्तातला हलक्या हातानं खाली ठेवून म्हणाले, "यात माल नाही." दुकानदार काही बोलला नाही. त्यानं तो मुकाट्यानं उचलून मागच्या फळीवर ठेवला आणि आतल्या पोराला चहा सांगितला. तिथून पुढे तो बाबांशी हिंदी सोडून मराठीत बोलू लागला.

टेपचं काम कॅबिनेटपाशी निघालं. मी काचेचा, पुढे तीन पंखे असलेला काळा डबा पसंत केला होता. कार्डाच्या खोक्यावर लांबी 308 मिलिमीटर. कॅबिनेटच्या कागदावर जागा 330. दुकानातला पोरगा म्हणाला, "आरामसे बैठेगा." बाबांनी टेप काढून आतून माप घेतलं: मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत 304.

"कागदावरचे 330 पंखे न लावता आहेत," बाबा म्हणाले. "क्लिअर स्पॅन आणि सेंटर टू सेंटरमधला फरक आहे हा. अशा चार मिलिमीटरवरून माझ्या नोकरीत खिडक्या परत गेल्या आहेत."

डबा बदलला. नवा दिसायला साधा आहे, पण पुढून सगळा जाळीचा, आणि हवा जाळीतून येते, काचेतून नाही, हे मला बाबांनीच सुनावलं. मग 'कच्चं बिल की पक्कं' हा विषय निघाला. कच्च्यात 18 टक्के जीएसटी वाचतो. वॉरंटीसुद्धा वाचते, दुकानदाराची. आयुष्यभर मेजरमेंट बुकात सही केलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायला नको होता. पुढचा भाग मी लिहीत नाही. बिल पक्कं आलं आणि प्रत्येक पार्टाचा सिरियल नंबर त्यावर पेनानं लिहून आला. एकूण आकडा 95,000 च्या आसपास गेला. बायकोला मी तो टप्प्याटप्प्यानं सांगणार आहे.

जोडणी पाहण्यासारखी होती. तो विशीतला पोरगा बोटांनी जादूगार होता. प्रोसेसर त्यानं सॉकेटवर नुसता टेकवला, दाबला नाही. मग वरची पोलादी कडी खाली घेताना करकर असा काही आवाज आला, की माझ्या पोटात गोळा आला. एवढ्या किमतीच्या वस्तूतून इतका वाईट आवाज येणं हेच योग्य असतं म्हणे. वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट, त्यावर प्रोसेसरचा कूलर, तिरप्या क्रमानं चार स्क्रू. सगळ्यात वेळ खाल्ला तो पॉवर बटणाच्या वायरींनी. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या पिना, प्रत्येकीची जागा ठरलेली, आणि बोर्डावर छापलेली अक्षरं वाचायला त्या पोरालाही मोबाइलचा टॉर्च लागला. हे मी घरी बसून करणार होतो, चाळिशीचा चष्मा लावून.

बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा. मिनिट गेलं. अजून एक गेलं. चिरंजीवांनी नखं खायला सुरुवात केली. मी मनातल्या मनात टेकडी गणपतीला काहीतरी कबूल केलं. पोरगा शांतपणे म्हणाला, की डीडीआर5 पहिल्यांदा चालू होताना बोर्ड रॅमची तालीम घेतो, वेळ लागतो.

"क्युरिंग चालू आहे," बाबा म्हणाले. "कोणी हात लावू नका."

पडदा उजळला तेव्हा टाळ्या दुकानदारानंही वाजवल्या.

आता ठेवायचा कुठे? घरात एसी एकाच खोलीत आहे आणि ती आई-बाबांची. तेव्हा माझा गेमिंग कॉम्प्युटर आईच्या देवघराच्या कोनाड्याशेजारी स्थानापन्न झाला आहे. साडेसात ते साडेनऊ ही माझी वेळ. साडेनऊला बाबा दिवा घालवतात. हेडफोनमधून पुण्या-मुंबईची पोरं 'रश कर, रश कर' म्हणून ओरडत असतात आणि मागून आई विचारते, "तो बिचारा कोण, त्याला का मारलं?" परवा मध्येच लाइट गेली. यूपीएस पीं-पीं करू लागला, बाबांनी अंथरुणातूनच लोड विचारला आणि 'अजून सात मिनिटं चालेल' असं सांगून कूस बदलली. सात मिनिटं चाललाही.

रविवारी शेजारचे काका त्यांच्या नातवाला घेऊन आले. मला वाटलं माझ्याकडे आले. मी खुर्ची पुढे केली, कार्डाचं नाव सांगायला सुरुवात केली. काका माझ्या बाजूनं वळसा घालून थेट बाबांपाशी गेले.

"भाऊसाहेब, आमच्या बंड्यालाही एक बसवायचा आहे म्हणते. तुमचं काय म्हणणं पडते?"

बाबांनी चष्मा खाली घेतला, वहीचं कोरं पान उघडलं, डावीकडे समास आखला.

"आधी हे सांगा," ते म्हणाले, "एसी कोणत्या खोलीत आहे?"