‘एकाच चाकातून गळतंय म्हणजे ब्रीदरचा संबंध नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा डोकं तापलं. दुसऱ्यांदा, त्यात मुद्दा किती आणि फोडणी किती हे पाहिलं. मुद्दा एक निघाला. त्याचंच उत्तर देतो.

बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून: जिप्सीच्या मागच्या एक्सलचं ऑइल सील (चाक फिरवणाऱ्या शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी) दोनदा बदलूनही ब्रेक ड्रममध्ये तेल येत असेल, तर तिसरं सील विकत घेण्याआधी ब्रीदर (एक्सलमधल्या हवेला आत-बाहेर जाऊ देणारं टोपीवालं छोटं भोक) बघा, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर हे लिहितात: ‘‘ब्रीदर चोंदला असता तर दोन्ही चाकांतून तेल आलं असतं. एकाच बाजूने येतंय म्हणजे ब्रीदरचा संबंध नाही. एवढं साधं गणित कळत नसेल तर लोकांना शिकवायला बसू नये. आमच्या मिस्त्रीने शाफ्ट बदलला, विषय संपला. फोटोतलं चाकही चुकीचं लिहिलंय. तेल कोणतं, सील कोणत्या कंपनीचं, पत्ता नाही. हाई काय नवं शे?’’

फोटोचं मान्य. उजव्या चाकाच्या फोटोखाली ‘डावं’ पडलं होतं, दुरुस्त केलंय. आभार.

आता ‘शिकवायला बसू नये’चं. चूक दाखवायला हरकत नाही, पण अनोळखी माणसाशी बोलायची ही कुठली रीत? चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यातल्या गाड्यांचे एक्सल सतरा वर्षं उघडतोय. तेवढ्यावर दोन ओळी लिहायचा हक्क मिळत असावा. तुमचा अनुभव एका शाफ्टचा दिसतो. असो.

तुमचं ‘साधं गणित’ मांडूनच बघू. ब्रीदर पूर्ण बंद आहे असं धरा. सकाळी एक्सलमधली हवा 25 अंशांवर आहे. भर लोडमध्ये लो गिअरवर घाट चढला की ती 85 अंशांपर्यंत जाऊ शकते. केल्विनमध्ये 298 वरून 358, म्हणजे दाब एक पंचमांशाने वाढला. बाहेरच्या हवेपेक्षा आत साधारण तीन पीएसआय जास्त. टायरच्या मानाने हे काहीच नाही, पण ऑइल सील हे तेल अडवायला असतं, हवेचा दाब पेलायला नसतं. त्याचा रबरी ओठ एका बारीक स्प्रिंगच्या जोरावर शाफ्टला टेकलेला असतो. नवं सील हा दाब सहन करेलही. थोडं घासलेलं, थोडं कडक झालेलं करणार नाही.

दाब दोन्हीकडे सारखाच, हे तुमचं बरोबर. सील सारखी असतात हे कोणी सांगितलं? केळीच्या बागेत ठिबकच्या लॅटरलमध्ये दाब वाढला की सगळी नळी फुटत नाही, आधीच उन्हाने तडकलेली जागा फुटते. इथेही तसंच. दोघांतलं कमजोर सील आधी तेल सोडतं, आणि तुमच्या लक्षात न आलेली गोष्ट इथून पुढे आहे: एकदा त्या सीलने वाट दिली की तेच ब्रीदर होतं. दाब तिथूनच निघून जातो, दुसरी बाजू कोरडी राहते. मग मालक म्हणतो, ‘बघा, एकच चाक गळतंय, म्हणजे त्याच चाकात दोष.’ त्या बाजूला नवं सील बसवलं की दाब पुन्हा कोंडतो, पुन्हा वाट शोधतो. त्या बाजूच्या शाफ्टवर हलकीशी झीज असेल तर महिन्याभरात तेच चाक ओलं. दोन सील वाया जातात ती अशी. क्वचित नव्या सीलनंतर गळती दुसऱ्या बाजूला सरकते. असं झालं तर ब्रीदर सोडून दुसरीकडे बघूच नका.

त्यात रस्त्याचा उतार धरा. आपण डावीकडून चालवतो आणि रस्ता कडेला उतरता असतो, म्हणून डावं चाक किंचित खाली. डोंगराच्या अंगाने आडवी गाडी चालवताना तर तेल खालच्या बाजूच्या नळीत धावतंच. दाब सारखा असला तरी तेल त्या बाजूला जास्त असतं.

ब्रीदर ‘पुस्तकातली गोष्ट’ आहे असाही तुमचा सूर आहे. आपल्या काळ्या मातीत गाडी घालणाऱ्याने तरी असं म्हणू नये. ओली असताना ती लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की विटेसारखी होते. ब्रीदरची टोपी हाताने फिरली तरी आतलं भोक बंद असू शकतं. शिवाय अनेर, सुकी, मोर अशा नद्यांत तापलेला एक्सल बुडाला की आतली हवा आकसते. ब्रीदर बंद असेल तर ती सीलच्या ओठातून पाणी आणि गाळ ओढते. मग तेल दुधाळ होतं आणि ओठाखाली वाळूचे कण बसतात. ते कण शाफ्टवर खाच पाडतात. तुमच्या मिस्त्रीने शाफ्ट बदलला तो अशाच खाचेमुळे असेल, तर ती कुठून आली असावी, बघा.

तपासायला पैसे लागत नाहीत. वीस-पंचवीस किलोमीटर गाडी चालवून सपाट जागी लावा. एक्सल गरम असतानाच फिलर प्लग (तेल भरायच्या भोकाचं बूच) हळूहळू सैल करा. हातमोजे घाला, तोंड बाजूला ठेवा. ‘फुस्स’ आवाज आला तर ब्रीदर बंद आहे. आवाज आला नाही तरी गळक्या सीलमधून दाब आधीच निघून गेलेला असू शकतो, म्हणून ब्रीदर काढूनही बघा. त्याच भोकात बोट घालून तेलाची पातळीही बघा, पण गाडी थंड झाल्यावर. तेल भोकाच्या खालच्या कडेला टेकलेलं हवं. एक चाक जॅकवर असताना तेल भरलं तर ते जास्त जातं आणि ते जास्तीचं तेल सीलवरच येतं.

ब्रीदर काढून केरोसीनमध्ये भिजवा, तोंडाने फुंका. हवा अडली तर नवा घ्या. नदीत गाडी घालणार असाल तर त्या जागी निपल (नळी चढवायचं तोंड) बसवून तेल सोसणारी नळी बॉडीपर्यंत वर न्या. एक्सल पूर्ण खाली लोंबला तरी नळी ताणली जाऊ नये इतकी सैल ठेवा. मधे खोलगट झोका नको, तिथे तेल साचून नळी पुन्हा बंद होते. वरच्या टोकाला छोटा पेट्रोल फिल्टर, तोंड खाली.

आता तुमचा शाफ्ट. तो बदलला आणि गळती थांबली, थांबणारच. शाफ्टबरोबर सील नवं, बेअरिंग नवं, बेअरिंग धरून ठेवणारी रिटेनर रिंग नवी, आणि हाऊसिंग (एक्सलचं बाहेरचं कवच) धुताना ब्रीदरही मोकळा झाला असेल. इतक्या गोष्टी एकदम बदलून ‘शाफ्टच खराब होता’ हे कसं ठरवलं? खाच असेल तर सील टिकत नाही, हे मी नाकारलंच कुठे? ज्या पट्ट्यावर सीलचा ओठ फिरतो, तिथे नख आडवं फिरवा. अडकलं तर एक तर पाव मिलिमीटर जाडीची स्लीव्ह (धातूची पातळ बाही) चढवा, किंवा हाऊसिंगमध्ये जागा असेल तर सील एक-दोन मिलिमीटर कमी आत बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतो. लेथवर पॉलिश पेपर लांबीच्या दिशेने सरकवत मारू नका. त्याने बारीक आटे पडतात आणि ते तेल पंपासारखं बाहेर ढकलतात. डावा-उजवा शाफ्ट बाहेरून पाहिल्यास उलट दिशांना फिरतात, म्हणून तेच आटे एका बाजूला तेल आत ओढतात आणि दुसरीला बाहेर. एकाच चाकातून गळण्याचं हेही एक कारण, तुमच्या यादीत नसलेलं.

बेअरिंगचा खेळ बघायला चाक उचला, वर-खाली धरून हलवा. ‘खट’ झालं तर सील बदलणं म्हणजे नुसता खर्च. डायल गेज असेल तर शाफ्टचा डगमग पाव मिलिमीटरच्या आत हवा. आणि शाफ्ट आत घालताना त्याचं वजन सीलच्या ओठावर टाकू नका. स्प्लाइनने (शाफ्टच्या टोकाच्या दात्यांनी) ओठ चिरला की कोरं करकरीत सीलही पहिल्याच दिवशी गळतं. ओठाला ग्रीस लावा, स्प्रिंगची बाजू तेलाकडे. हे लेखात होतं. वाचलं असतंत तर.

तेल आणि सीलची कंपनी? गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं तेल आणि बिलावर मिळणारं सील. त्यावर आणखी लिहिण्यासारखं मला काही वाटत नाही.

आणि मुळात ड्रममध्ये आलेलं ते गिअर ऑइलच आहे ना? ब्रेकचे शू ढकलणारा व्हील सिलेंडर गळत असेल तर सगळीच चर्चा फुकट. दोन थेंब पाण्यात टाका. तरंगले तर गिअर ऑइल, विरघळले तर ब्रेक ऑइल. गिअर ऑइल असेल तर त्याला गंधकाचा उग्र वासही येतो. तेल प्यालेले शू पेट्रोलने धुऊन परत लावू नका, तापले की तेल पुन्हा वर येतं. दोन्ही चाकांचे नवे घाला.

‘हाई काय नवं शे’ विचारलंत. नवं काहीच नाही. शाफ्ट बदलण्याआधी फिलर प्लग सैल करून पाहिला होता का, आणि आवाज आला होता का, एवढं मात्र तुमच्या मिस्त्रीला विचारून इथे लिहा. पाहिला असेल, आवाज आला नसेल आणि ब्रीदरही मोकळा निघाला असेल, तर तुमच्या गाडीपुरतं तुमचं बरोबर, तसं मी लेखाखाली नोंदवतो.