हजार फुटांखाली पाताळगंगा नाही

परवा रात्री मामांचा फोन आला. लातूरच्या औसा तालुक्यात त्यांची सहा एकर शेती आहे. म्हणाले, "तुला पाठवलंय ते वाच. बोअरच्या गाडीवाल्याला इसार दिलाय, या वेळी हजार फूट जायचं." त्यांनी पाठवलेला मेसेज मी आधीच चार ग्रुपवर पाहिला होता. त्यात म्हटलंय की महाराष्ट्राच्या जमिनीखाली हजार फुटांवर अखंड पाताळगंगा वाहते आणि जो खोल जातो तोच तरतो. नारळ तळहातावर उभा राहिला की तिथे पाणी असतंच. आपल्या रानातलं पाणी आपल्या मालकीचं. सरकार प्रत्येक विहिरीवर कर बसवणार आहे, आणि गावाने बसून पाणी वाटायच्या गोष्टी भाषणापुरत्या असतात. आजवर हे वाचून सोडून देत होतो. आता त्यात मामांचे पैसे चाललेत.

आधी पाताळगंगा, कारण खरं नुकसान तिच्यापायी होतंय. राज्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टचा, म्हणजे आपला काळा पाषाण, लाव्हाचे थर एकावर एक बसून झालेला. गंगेच्या खोऱ्यात खोलवर गाळ आणि वाळू आहे, तिथे पाणी सगळीकडे मुरून राहतं. आपल्याकडे ते राहतं वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. जसजसं खाली जावं तसतशा वरच्या वजनाने भेगा मिटत जातात. खाली नदी वाहायला जागाच नाही.

मामांचा मागचा बोअर माझ्या डोळ्यांदेखत झाला. वर २० फूट केसिंग, म्हणजे बोअर ढासळू नये म्हणून घालतात तो पाइप, मग मुरूम, मग पाषाण. १४० फुटांवर भुकटी ओली आली, इंचभर पाणी लागलं. तिथून ७०० फुटांपर्यंत नुसता राखाडी धुरळा. पहाटे चार वाजता मामा तोंडाला उपरणं बांधून त्या धुरळ्यात उभे होते आणि दर रॉडला "अजून एक टाक" म्हणत होते. गाडीवाला फुटाचे पैसे घेतो, पाण्याचे नाही. खोल जाल तसा फुटाचा दरही चढतो.

पुढे काय झालं तेही सांगतो. १४० फुटांवर लागलेलं पाणी शेजारच्या अण्णांच्या विहिरीला ज्या भेगेतून यायचं, त्याच भेगेतलं होतं. मामांनी मोटर पार खाली सोडली. केसिंग वरच्या २० फुटांपुरतंच, त्यामुळे वरचं पाणी बोअरमधून खाली उतरत राहिलं. ज्या विहिरीत आम्ही पोहायला शिकलो, तिचे झरे संक्रांतीलाच बंद पडले. होळीपर्यंत मामांचा बोअरही गुळण्या टाकायला लागला. दोन्ही घरांनी टँकर घेतला, आणि अण्णा आणि मामा आजही एकमेकांशी बोलत नाहीत. खोल गेल्याने पाणी वाढलं नाही. एकाचं दुसऱ्याकडे गेलं आणि मग दोघांचंही संपलं.

खोल बोअरला पाणी कधीच लागत नाही, असं मी म्हणत नाही. मोठी भेग सापडली तर ४००-५०० फुटांवरही लागतं, आणि व्हिडिओ त्याचाच फिरतो. पण ते साठायला वर्षानुवर्षं लागलेली असतात आणि उपसा होतो दोन हंगामांत. शिवाय यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या किनवट भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड निघतं, त्याने दात आणि हाडं खराब होतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. त्या लातूरच्या आसपास खोल बोअर काय कमी होते?

नारळाबद्दल फार लिहीत नाही. वरच्या थरात थोडंफार पाणी बऱ्याच ठिकाणी लागतं, म्हणून नारळ धरून पाणी दाखवणाऱ्या पाणाड्याचा शब्द पुष्कळदा खरा ठरतो. पाणी किती आणि किती दिवस पुरेल, हे नारळाला कळत नाही.

मालकीचा मुद्दा मात्र निम्मा खरा आहे, नाइलाजाने कबूल करतो. इंग्रजांच्या १८८२च्या सुविधाधिकार कायद्यात, ठरावीक प्रवाहात न वाहणारं जमिनीखालचं पाणी आपल्या हद्दीत काढून घेण्याचा हक्क जमीनमालकाला दिलेला आहे. पण भूजल विकास व व्यवस्थापनाचा आपल्या राज्याचा २००९चा कायदा २०१४ पासून लागू आहे. तो वाचा. ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल विहिरीला, त्यात बोअरही आला, हा कायदा खोल विहीर म्हणतो आणि शेतीसाठी वा कारखान्यासाठी ती घ्यायला मनाई करतो. मेसेज हजार फूट जायला सांगतो तेव्हा तो कायदा मोडायलाच सांगत असतो. कराची तरतूद कायद्यात आहे, पण ती अधिसूचित, म्हणजे सरकारने तसं जाहीर केलेल्या, क्षेत्रातल्या खोल विहिरींच्या उपशासाठी, प्रत्येक विहिरीसाठी नाही. अंमलबजावणी ढिली आहे. आमच्याकडे रात्रभर गाड्या फिरतात, कुणी विचारत नाही. मला राग त्याचा येतो.

गावाने ठरवून काही होत नाही म्हणणाऱ्यांनी अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार जाऊन पाहावं. तिथे दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिकं ठरवतात. शेतीसाठी बोअर बंद, ऊस बंद. पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने जमीन किती हे न बघता घरात माणसं किती ते बघून पाणी वाटलं. दुष्काळी भागातल्या साध्या शेतकऱ्यांनी हे केलं.

मामा, इसार गेला तर जाऊ द्या. रविवारी मी येतोय. आधी अण्णांच्या विहिरीत दोर सोडून पाणी किती खाली आहे ते मोजू. येताना त्यांनाही बोलावून ठेवा. तुम्ही बोलावल्याशिवाय ते यायचे नाहीत.