भारती सिंग, पाच मिनिटं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं गणित

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. हिंदी टीव्हीवरची विनोदवीर भारती सिंग हिच्याबद्दलचा, थोडक्यात असा: "भारती सिंगने लाफ्टर चॅलेंजमध्ये पाच मिनिटं जोक मारले आणि रातोरात स्टार झाली. ना ट्रेनिंग, ना नाटक. तिची जाडी हाच तिचा विनोद. कॉमेडी जमली की मालिका आणि अँकरिंग आपोआप मिळतं. खानदेशातल्या पोरींनो, तुमच्या रीलला लाख-लाख व्ह्यूज आहेत. अहिराणी सोडा, पोर्टफोलिओ करा, कॉलेज राहू द्या, मुंबई गाठा."

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल. पण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकलेलं आहे, आणि पोर्टफोलिओवालं तर सरळ खिशाला चाट लावणारं आहे. म्हणून एकेक घेऊ.

"रातोरात". आधी तारखा बघा. 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज' या हिंदी टीव्हीवरच्या विनोदाच्या स्पर्धेचं चौथं पर्व 2008 चं. भारती त्यात शेवटपर्यंत टिकली, पण जिंकली नाही. त्यानंतर तिने 'कॉमेडी सर्कस'ची एकामागून एक पर्वं केली. म्हणजे दर आठवड्याला नवं स्किट, नवी जोडी, नवं सोंग. 2011 मध्ये 'प्यार में ट्विस्ट' ही मालिका आणि 2012 मध्ये 'झलक दिखला जा'त नाच. 'इंडियाज गॉट टॅलेंट'चं सूत्रसंचालन तिच्याकडे आलं 2014 मध्ये, तेही एका सहसूत्रसंचालकासोबत. 2008 ते 2014, सहा वर्षं झाली. एवढ्यात बारावीची पोरगी एम.ए. होऊन बी.एड.ला लागते. हिंदीचं सोडा, अमेरिकेतही तोच हिशेब आहे. तिथली विनोदवीर एलन डिजेनेरस 1986 मध्ये जॉनी कार्सनच्या गाजलेल्या टॉक शोमध्ये पहिल्यांदा दिसली, तेव्हा तिच्यामागे क्लबांतली काही वर्षं होती. तिची मालिका आली 1994 मध्ये आणि रोजचा टॉक शो 2003 मध्ये.

"ना ट्रेनिंग, ना नाटक". भारती अमृतसरची. कॉलेजच्या दिवसांत तिची बडबड ऐकून विनोदवीर सुदेश लहरी यांनी तिला नाटकात घेतलं, हे तिने मुलाखतींत सांगितलेलं आहे. लाफ्टर चॅलेंजची ऑडिशन दे, हे सांगणारा कपिल शर्माही अमृतसरचाच, आणि तो 2007 चं तिसरं पर्व जिंकून बसलेला. एका गावातली एवढी माणसं एकाच कार्यक्रमात पोचतात ती नशिबाने नव्हे. तिथे कॉलेज-नाटकाचा आखाडा होता आणि मोठे पहिलवान लहानांना त्यात उतरवत होते.

आखाडा आपल्याकडेही आहे, फक्त रीलमध्ये तो दिसत नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा 'युवारंग' हा युवक महोत्सव घ्या. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत मिमिक्रीला साधारण 5 मिनिटं मिळतात, विडंबननाट्याला 6 कलाकार आणि 10 मिनिटं. घंटा वाजली की संपलं, वर गेलात तर गुण कापले. टीव्हीवरच्या स्टँडअपचा साचाही याच मापाचा असतो. राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र जळगावात आहे. शिवाय गणेशोत्सव, शाळांची स्नेहसंमेलनं आणि हळदीच्या रात्रीचा ऑर्केस्ट्रा, जिथे निवेदन करणाऱ्या मुलीला नवरदेवाचे मामा मध्येच माइक मागतात. त्या मामांना न दुखावता माइक परत घेता येणं हे सूत्रसंचालनाचं निम्मं शिक्षण आहे.

"पाच मिनिटं जोक". इथे थोडं थांबायला हवं, कारण पाच मिनिटं म्हणजे किती, हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. हशासाठी थांबत बोललं तर मिनिटाला शंभरेक शब्द जातात, म्हणजे पाच मिनिटांना साधारण पाचशे. त्या पाचशे शब्दांत मिनिटाला चार ते सहा वेळा हशा पिकला पाहिजे, म्हणजे एकूण वीस ते तीस. कच्चा मजकूर यासाठी चौपट लिहावा लागतो आणि तो लोकांसमोर बोलून गाळावा लागतो. आरशासमोर गाळता येत नाही, आरसा कधी पडेल चेहऱ्याने बसत नाही.

रीलवरून आलेल्या मुलींचं पहिलं अडखळणं ठरलेलं असतं. रीलमध्ये थांबा कापलेला असतो आणि हशाचा आवाज वरून चिकटवलेला. त्यामुळे खऱ्या प्रेक्षकांसमोर त्या हसणं सुरू होताच पुढचं वाक्य बोलतात. लोक ते ऐकण्यासाठी हसू आवरतात, दोन-तीनदा असं झालं की हसायचंच सोडून देतात, आणि चौथ्या मिनिटाला सभागृह थंड पडतं. मजकूर चांगला असूनही. उपाय असा की हशा चढू द्यायचा, तो उतरायला लागला, पण पुरता विझला नाही, तेव्हा पुढचं वाक्य उचलायचं. तोवर तोंड बंद आणि चेहरा त्याच भूमिकेत.

दुसरी चूक शब्दांच्या क्रमाची. आपल्याकडची भरीत पार्टी घ्या. "पाच जणांना सांगितलं असताना ट्रॅक्टर भरभरून माणसं आली, पाच ट्रॅक्टर आले" हे वाक्य खरं आहे, गमतीचंही आहे, पण हसू येत नाही. कारण 'ट्रॅक्टर' आधीच बाहेर पडला. आता हे बघा: "भरीताला पाचच सांगा म्हटलं. पाचच आले." थांबा. "ट्रॅक्टर." हसवणारा शब्द शेवटी, त्याच्यामागे शेपूट नाही. 'आले बघा', 'काय सांगू' असं काहीही मागे लावलं की हशा त्या शेपटाखाली दबतो. तमाशातला सोंगाड्या हे शिकवणीशिवाय करतो. जत्रेच्या तंबूत तो सरदाराला उलट उत्तर देतो तेव्हा शेवटचा शब्द कुठला ठेवतो, तो ठेवल्यावर कुणाकडे बघतो, हे एकदा हसणं बाजूला ठेवून बघा.

तिसरी गोष्ट मजकुरात कुणी लिहिणारच नाही: टीव्हीवरचं सगळं एकटीचं नसतं. लेखक असतात, क्रिएटिव्ह टीम असते, चॅनेलचा छाननी विभाग असतो. तुमच्या पाच मिनिटांतून ब्रँडचं नाव, जातीचा उल्लेख, जिवंत पुढाऱ्याची नक्कल असं काहीही आयत्या वेळी उडू शकतं. म्हणून प्रत्येक 'पंच'ला, म्हणजे हशा पिकवणाऱ्या शेवटच्या शब्दाला, एक पर्यायी पंच तयार असावा लागतो. भारतीचा नवरा हर्ष लिंबाचिया हा मुळात लेखक, आणि दोघांची ओळख 'कॉमेडी सर्कस'च्या कामातली.

"जाडी हाच विनोद". हे अर्धसत्य आहे, म्हणून जास्त त्रासदायक. भारतीने स्वतःच्या वजनावर वर्षानुवर्षं विनोद केले आणि हिंदी टीव्हीने तिच्याकडून ते मनसोक्त करून घेतले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिचं नाव झालं ते 'लल्ली'मुळे. लल्ली ही लहान मुलगी. तिचा विनोद मापात नाही, तर्कात आहे: मोठ्यांचं बोलणं ती शब्दशः घेते, निरागसपणे घरातलं गुपित फोडते आणि वर का म्हणून विचारते. ते चालण्यासाठी आवाजाची पट्टी, श्वास आणि लाडिकपणाचं प्रमाण पाचही मिनिटं एकसारखं धरावं लागतं. एकदा जरी पात्र सुटून मोठी बाई डोकावली तरी खेळ खलास. आणि जाडीच भांडवल असती तर 2021 मध्ये तिने जवळपास 15 किलो वजन उतरवल्यावर दुकान बंद व्हायला हवं होतं. झालं उलटंच. त्याच सुमारास 'डान्स दीवाने', 2022 मध्ये 'हुनरबाज', 2024 मध्ये 'लाफ्टर शेफ्स', तिन्हीकडे सूत्रसंचालक तीच.

"मालिका आणि अँकरिंग आपोआप". हा या मजकुरातला सगळ्यात मोठा घोटाळा. ही तीन वेगळी कामं आहेत आणि एकातलं कसब दुसऱ्यात आडवं येतं.

स्टँडअपवाली प्रेक्षकांशी बोलते. मालिकेत प्रेक्षक नाहीतच. समोर कॅमेरा, बाजूला घामेजलेले लाइटवाले, आणि कुणीही हसत नाही, कारण हसलं तर आवाज रेकॉर्ड होतो. अशा वेळी स्टेजवरून आलेली मुलगी सवयीने हशासाठी थांबते आणि सीनमध्ये भोक पडतं. किंवा ऐनवेळी वाक्य बदलते, मग समोरच्याला क्यू, म्हणजे आपलं वाक्य कधी सुरू करायचं याची खूण, मिळत नाही. त्याहून मोठी भानगड कंटिन्युइटीची, म्हणजे प्रत्येक वेळी सगळं हुबेहूब तसंच करण्याची. तोच सीन आधी लांबून, मग जवळून, मग समोरच्याच्या बाजूने घेतात. कप पहिल्या वेळी "अगं" या शब्दावर उचलला असेल तर प्रत्येक वेळी "अगं"वरच, त्याच हाताने. एका टेकला, म्हणजे एका वेळच्या चित्रीकरणात, उजवा हात, दुसऱ्याला डावा असं झालं तर एडिटरला तुमचा चांगला टेक टाकून द्यावा लागतो, आणि तो का गेला हे तुम्हाला कुणी सांगत बसत नाही. शिफ्ट बारा तासांची, सीन उलटसुलट क्रमाने आणि संवादांची पानं बऱ्याचदा त्याच दिवशी हातात.

सूत्रसंचालन याहून निराळं. तिथे विनोद हे मीठ, जेवण नव्हे. कानात टॉकबॅक, म्हणजे सूचना ऐकवणारा इयरफोन, असतो आणि कंट्रोल रूममधून आवाज येत राहतो: "तीस सेकंद भर," "डावीकडचा कॅमेरा," "परीक्षकाकडे टाक." हे ऐकत असताना तोंडातलं वाक्य तुटता कामा नये. प्रायोजकाचं नाव आणि मतदानाची पद्धत अक्षरशः लिहिल्याप्रमाणे, त्यात गंमत चालत नाही. स्पर्धक रडत असेल तर जोक गिळायचा. सेटवर काही बिघडलं तर चार मिनिटं हवेत बोलून काढायची, आणि ती काढताना स्पर्धकाचं नाव चुकवायचं नाही. विनोदवीरांचं घोडं नेमकं इथे अडतं, कारण हशा स्वतःकडे ओढायची त्यांची सवय जात नाही आणि कार्यक्रम स्पर्धकांचा आहे हे ते विसरतात.

याचा सराव घरी होतो. एका कानात इयरफोन घाला. मैत्रिणीने फोनवरून तीसपासून उलटे आकडे मोजायचे. तुम्ही कुठल्याही विषयावर, समजा रावेरच्या केळीवर, बोलत राहायचं आणि ती 'शून्य' म्हणेल तेव्हा वाक्य पूर्ण झालेलं असलं पाहिजे, तोडलेलं नव्हे. पहिल्या दिवशी दहा-बारा आकड्यांतच जीभ आकडे बोलायला लागते. महिनाभर रोज पंधरा मिनिटं केलं की बदल कळतो.

"अहिराणी सोडा". भारतीच्या हिंदीतून पंजाबी कधी गेली? उलट तीच तिची ओळख झाली. तुमची अहिराणी असो की जळगावकडची लेवा गणबोली, ती सोडण्यासारखं काहीच नाही, ती वापरायची कशी हे शिकण्यासारखं आहे. ठाण्यातल्या प्रेक्षकाला 'माले', 'तुले' कळतं. 'कथा जास?' (कुठे जातोस?) म्हटलं तर तो कथा-कादंबरीच्या कथेत अडकतो, आणि तो अर्थ लावेपर्यंत हशाचा क्षण गेलेला असतो. म्हणून अनोळखी शब्द पंचला पहिल्यांदा आणायचा नाही. तो आधी साध्या वाक्यात, हातवाऱ्यासकट पेरायचा. आई पोरीला हाक मारते, "ओ आंडेर, इकडे ये!" आणि पोरगी येते. झालं, 'आंडेर' म्हणजे मुलगी हे सगळ्यांना कळलं. आता दोन मिनिटांनी तो शब्द पंचला ठेवा. समजावून सांगायला लागलं की तो धडा होतो. ऑडिशनच्या ओळखीत येणाऱ्या भाषा विचारतात तिथे मराठी, हिंदीसोबत अहिराणी आवर्जून सांगा. ग्रामीण भूमिकांना बोली धरून बोलणारी मुलगी शोधतच असतात. मात्र प्रमाण मराठी आणि स्वच्छ हिंदी बोलता येणं सूत्रसंचालनाला लागतंच. एक सोडून दुसरी नव्हे, तिन्ही.

"पोर्टफोलिओ करा". सुरुवातीला हजारो रुपयांच्या अल्बमची कुणालाही गरज नसते. साध्या भिंतीसमोर, खिडकीच्या उजेडात, कमीत कमी मेकअपमध्ये पाच फोटो पुरतात: चेहऱ्याचा एक, कमरेपर्यंतचा एक, पूर्ण उंचीचा एक आणि दोन्ही बाजूंचे. ब्युटी फिल्टर बंद. ऑडिशनचा व्हिडिओ फोन आडवा धरून, छातीपासून वर, मोबाइल स्टँडवर. समोरच्या पात्राचे संवाद वाचणारी व्यक्ती कॅमेऱ्याच्या अगदी लगत उभी करा, म्हणजे नजर लेन्सजवळ राहते. पंख्याचा आवाज हा अशा व्हिडिओंचा शत्रू क्रमांक एक, मे महिन्यात जळगावात पंखा बंद करणं शिक्षा असली तरी. आणि एक पक्कं: ऑडिशनला, 'रजिस्ट्रेशन'ला, 'कलाकार कार्ड'ला आगाऊ पैसे मागितले की तिथून उठायचं. काम मिळवून देणारा को-ऑर्डिनेटर कमिशन घेतो ते काम झाल्यावर, मानधनातून.

"कॉलेज राहू द्या, मुंबई गाठा". युवक महोत्सवात उतरायला कॉलेजचं ओळखपत्र लागतं, ते सोडलं की वर सांगितलेला आखाडाच बंद. बहुतेक ठिकाणी ऑडिशनची पहिली फेरी हल्ली व्हिडिओवर होते. पुढच्या फेरीला बोलावलं तर जळगावहून मुंबई सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, रात्रीच्या गाडीने जाऊन दुसऱ्या रात्री परत येता येतं. नंदुरबारवाल्यांना खानदेश एक्स्प्रेस थेट मुंबईला सोडते. राहायला जायचंच असेल तर काम हातात आल्यावर जा, आणि तेव्हाही एक हिशेब मांडून जा: मालिकांच्या धंद्यात मानधन काम केल्यापासून 90 दिवसांनी देण्याची पद्धत रुळलेली आहे. जूनमध्ये पहिला दिवस शूट केला तर त्याचे पैसे सप्टेंबरात. तोवरचं घरभाडं, डिपॉझिट, लोकलचा पास आणि डबा खिशातून. सहा महिन्यांचा खर्च बाजूला नसेल तर पहिल्या चांगल्या कामाच्या मधोमध पोरीला घरी पैसे मागावे लागतात, आणि घरचे मग काय म्हणतात ते खानदेशात कुणाला सांगायला नको.