नाईट किती, हे सर्वांत शेवटी विचारा

व्यावसायिक मराठी रंगभूमीवर पडद्यामागे मुक्तपणे काम करणाऱ्या माणसाची पैशाची बोलणी बहुतेक वेळा एकाच प्रश्नाने सुरू होतात आणि त्याच प्रश्नावर संपतात: नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे मानधन, किती? निर्माता एक आकडा सांगतो, आपण थोडा वाढवून मागतो, दोन्हींच्या मधला कुठलातरी ठरतो, चहा येतो आणि दोघेही कामाला लागतात. मी प्रकाशयोजना करतो, क्वचित प्रयोगात दिवे चालवायला स्वतः बोर्डवरही बसतो, आणि माझे मत असे झाले आहे की या आकड्यासाठी आपण जेवढी घासाघीस करतो, तेवढीच इतर अटींसाठी केली तर वर्षाकाठी हातात येणारे पैसे कितीतरी वाढतील. नाईट मिळते ती झालेल्या प्रयोगाची. आपण बुडतो ते रद्द झालेल्या प्रयोगात, तालमीत, दौऱ्याच्या प्रवासात आणि आपल्याला न विचारता चित्रित केलेल्या नाटकात.

ही पद्धत काही अनादी काळापासून चालत आलेली नाही. किर्लोस्कर किंवा गंधर्व नाटक मंडळीत माणसे पगारावर असत, राहण्या-जेवणाची सोय कंपनीची असे. 1930 च्या दशकात बोलपटांनी प्रेक्षक ओढून नेला, कंपन्या एकेक करून बसल्या, आणि पुढे जी व्यवस्था रुजली तिच्यात प्रयोगागणिक पैसे देणे निर्मात्याला परवडणारे होते. जुन्या कंपन्यांत पगार वेळेवर होत असे, असा माझा मुळीच दावा नाही. गंधर्व मंडळीचे कर्ज सर्वांना ठाऊक आहे. परंतु पगारात रिकाम्या दिवसाचेही पैसे धरलेले असतात आणि नाईटमध्ये ते नसतात. म्हणजे प्रयोग होईल की नाही, ही जोखीम निर्मात्याच्या खांद्यावरून काही अंशी आपल्या खांद्यावर आली आहे, आणि जोखीम आपण घेत असू तर तिची किंमतही बोलण्यात आली पाहिजे.

सर्वाधिक नुकसान रद्द होणाऱ्या प्रयोगांत होते, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. शिवाजी मंदिर, गडकरी रंगायतन, बालगंधर्व यांसारख्या नाट्यगृहांच्या तारखा निर्मात्याला काही महिने आधी मिळतात आणि तो त्या लगेच आपल्याला कळवतो. आपण त्या डायरीत लिहितो आणि त्या दिवशीचे दुसरे काम नाकारतो. पुढे प्रमुख नटाच्या मालिकेचे चित्रीकरण लांबते, किंवा तिकीटविक्री उघडल्यावर आसनांच्या प्लॅनवर दोनच रांगा भरलेल्या दिसतात, आणि शुक्रवारी रात्री निरोप येतो की रविवारचा प्रयोग होणार नाही. नाट्यगृहाच्या भाड्याचे काय होते, जाहिरातीचे काय होते, याचा हिशेब निर्मात्याजवळ असतो. आपण अडवून ठेवलेल्या रविवारचा हिशेब कोणाच्याच वहीत नसतो. नटाची तारीख गेली की 'त्याची तारीख गेली' असे म्हणतात. लाइटवाल्याची, मेकअपवाल्याची किंवा सेटवर काम करणाऱ्यांची तारीख गेली, असे म्हणताना मी कोणाला ऐकलेले नाही.

यावर मी मागतो ती अट साधी आहे. आठवडाभर आधी कळवले तर काही नको. त्यानंतर पण आदल्या दिवसापूर्वी कळवले तर अर्धी नाईट. आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी कळवले तर पूर्ण. संप, पूर, नाट्यगृह अचानक बंद होणे अशा दोघांच्याही हाताबाहेरच्या कारणांसाठी मी काही मागत नाही. ही अट ऐकून निर्माते दचकतील असे मला वाटत असे, परंतु बहुतेकांनी थोडी कुरकूर करून ती मान्य केली, कारण नाटक पहिल्या तालमीत असताना प्रयोग रद्द होईल यावर कोणाचाच विश्वास नसतो. अशी अट घालण्याची वेळ तीच असते. शुभारंभानंतर तीच मागणी केली तर ती अडवणूक वाटते आणि नाटक चालू लागल्यावर केली तर हावरेपणा.

तालमींचा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे, कारण तिथे पैशाबरोबर प्रेमही असते. 'अरे, आपलंच नाटक आहे, पैशाचं नंतर बघू,' असे दिग्दर्शक म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याला 'दादा, आपलंच आहे म्हणूनच आधी बोलून घेऊ' असे हसत म्हणता येते आणि त्याने कोणाचे नाते तुटल्याचे मी पाहिलेले नाही. प्रकाशयोजनेचे किंवा नेपथ्याचे एकरकमी मानधन ठरवताना मी ते तीन हप्त्यांत मागतो: होकार देताना एक, रंगीत तालमीच्या आधी एक आणि शुभारंभाच्या दिवशी एक. यातला मधला हप्ता महत्त्वाचा. नाट्यगृह मिळालेले आहे, सेट उभा आहे, पहाटे तीन वाजता शिडीवर चढून मुलगा स्पॉट फिरवतो आहे, खालून मी 'थोडा डावीकडे, आता जिलेटिन (दिव्यापुढचा रंगीत कागद) बदल' असे ओरडतो आहे. त्या रात्रीनंतर माझे निम्म्याहून अधिक काम संपलेले असते, आणि संपलेल्या कामाचे पैसे मागणे हे नेहमीच जड जाते. एकंदर किती तालमींना बसायचे, तेही सांगून ठेवावे. दिग्दर्शकाला आपण रोज हवे असतो, आणि त्यात वावगे काही नाही, पण रोजचे बसणे एका रकमेत भागणारे नाही.

आता ठेक्याच्या प्रयोगांविषयी. एखादे मंडळ, बँक किंवा गणेशोत्सव समिती नाटक ठरावीक रकमेला घेते तेव्हा तिकीटविक्रीची चिंता निर्मात्याला उरत नाही. मग त्या प्रयोगाची नाईट नेहमीपेक्षा जास्त असावी, ही मागणी मला रास्त वाटते. त्याऐवजी काही मित्र गल्ल्यावर टक्केवारी मागण्याचा सल्ला देतात, तो मला पटत नाही. गल्ल्याचा हिशेब आपल्याला दिसत नाही, आणि जो हिशेब दिसत नाही त्यावरची टक्केवारी म्हणजे दुसऱ्याच्या सोयीने मिळणारी बक्षिसी. त्यापेक्षा नेहमीच्या प्रयोगाची एक नाईट, ठेक्याच्या प्रयोगाची दुसरी, आणि पन्नास प्रयोगांनंतर दोन्हींत ठरावीक वाढ, एवढे लिहून ठेवले की कोणाला कोणाचा गल्ला मोजावा लागत नाही.

निर्मात्याची बाजूही ध्यानात ठेवावी. नाटकाच्या 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यापुढे तो लागतो, त्यामुळे तिकीट वाढवायचे झाले तर त्याला तिथे एक पायरी ओलांडावी लागते. भाडे, जाहिरात, ट्रक, बस आणि नावाजलेल्या नटांचे मानधन भागल्यावर मधल्या वारी लागलेल्या प्रयोगात त्याच्या हाती फारसे काही उरत नाही, हे खरे आहे. म्हणूनच मी म्हणतो की नाईटच्या आकड्यावर ताणू नये. तिथे त्याच्याजवळ द्यायला थोडेच असते. अटींमध्ये मात्र त्याला आज काही खर्च येत नाही.

परदेश दौरा आणि चित्रीकरण या दोन गोष्टी आपण साफ विसरतो. नाटक अमेरिकेत जाते तेव्हा विमानाचे तिकीट नटांना मिळते. तिथे बोर्डवर मराठी मंडळातला एखादा हौशी स्वयंसेवक बसतो आणि माझ्या क्यू शीटवर, म्हणजे कोणता दिवा कधी लावायचा याच्या यादीवर, बोट ठेवून प्रयोग पार पाडतो. त्याच्याबद्दल मला आदरच आहे. परंतु प्रत्येक प्रयोगात वापरली गेली ती माझी योजना, तेव्हा योजनेचे वेगळे आणि बोर्डवर बसण्याचे वेगळे, असे दोन भाग पहिल्याच दिवशी पाडलेले असले तर मी न जाताही योजनेचे पैसे मला मिळू शकतात. बदली माणूस पाठवतानाही हीच विभागणी उपयोगी पडते: बसण्याचे पैसे त्याचे, योजनेचे माझे. (पैसे थकले म्हणून क्यू शीट अडवून ठेवणारे आहेत. मला ते मान्य नाही. त्यात निर्मात्याआधी नट तोंडघशी पडतो.)

चित्रीकरणाच्या बाबतीत संगीतकार, नेपथ्यकार आणि लेखक यांनी स्वामित्व हक्क कायदा, 1957 यातले कलम 19 एकदा शांतपणे वाचावे. हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी झाले नसेल तर ते झालेलेच नसते; मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता. नोकरीत नसलेल्या माणसाने केलेल्या नेपथ्याच्या रेखाटनाचा पहिला मालक सामान्यतः तो माणूसच असतो. तेव्हा निर्मात्याने पुढे केलेल्या कागदावर 'सर्व माध्यमांसाठी, कायमस्वरूपी, जगभर' हे शब्द असतील तर ते उगाच लिहिलेले नसतात, आणि ते खोडायचे नसतील तर त्यांची वेगळी किंमत सांगावी.

कागद म्हटला की लोकांना मुद्रांक आणि वकील आठवतो. भारतीय करार कायदा, 1872 नुसार तोंडी करारही वैधच असतो; अडचण येते ती सिद्ध करताना. म्हणून बैठक झाल्यावर त्याच संध्याकाळी मी व्हॉट्सॲपवर असा मजकूर पाठवतो: 'दादा, आज ठरल्याप्रमाणे लिहून ठेवतो. प्रकाशयोजनेचे मानधन इतके, तीन हप्त्यांत. प्रयोगामागे योजनेचे इतके, मी बसलो तर त्यावर इतके. ठेक्याच्या प्रयोगाला इतके. मुंबई-ठाण्याबाहेर प्रवास, मुक्काम, जेवण संस्थेचे, मुक्कामाच्या रिकाम्या दिवसाला भत्ता इतका. प्रयोग आदल्या दिवशी रद्द झाल्यास पूर्ण नाईट. चित्रीकरण झाल्यास वेगळे बोलू. काही राहिले असेल तर कळवा.' उत्तरात नुसते 'ओके' आले तरी माझे काम होते. तो संवाद पुसू नये आणि फोन बदलताना सांभाळून ठेवावा.

पैसे कसे मिळणार, हेही त्यातच यावे. आपल्याकडे अजून पाकिटाची रीत आहे: दुसऱ्या अंकात सूत्रधार, म्हणजे नाटकाचा व्यवस्थापक, विंगेत येतो, मोबाइलच्या उजेडात नाव वाचतो आणि पाकीट हातात ठेवतो. ही रीत मला आवडते, कारण पैसे त्याच रात्री मिळतात. परंतु गृहकर्ज मागायला गेल्यावर बँक पाकिटे मोजत नाही. खात्यात पैसे घ्यायचे तर ठरलेली रक्कम करकपातीपूर्वीची की नंतरची, हे विचारून घ्यावे. व्यावसायिक सेवेच्या मानधनावर साधारणतः 10 टक्के कपात होते. त्यासाठीची वार्षिक मर्यादा 1 एप्रिल 2025 पासून 30,000 वरून 50,000 रुपये झाली आहे. कापलेला कर आपल्या पॅनवर खरोखर भरला गेला की नाही, हे आयकराच्या संकेतस्थळावर दिसते आणि वर्षातून दोनदा तरी पाहावे. न भरलेला कर म्हणजे बुडालेली नाईटच.

राहिला थकबाकीचा प्रश्न. एका संस्थेने माझ्या नाईटी महिनोन्‌महिने थकवल्या, तेव्हा विनंत्या आणि मध्यस्थ यांपेक्षा एका गोष्टीचा उपयोग झाला, ती म्हणजे 'उद्यम' ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. ती निःशुल्क आहे, घरबसल्या होते आणि सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही करता येते. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर फार तर 45 दिवसांत, आणि तसा करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते आणि सरकारी संकेतस्थळावर तक्रार करता येते. मी बिलाखाली नोंदणी क्रमांक आणि हे एक वाक्य छापले, आणि पुढच्या पंधरवड्यात निम्मी रक्कम आली. नोंदणी मात्र काम सुरू करण्यापूर्वीच केलेली असावी. पैसे थकल्यावर केलेल्या नोंदणीचा मागच्या कामासाठी आधार घेता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये दिला होता; 2025 मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला, तेव्हा आधी नोंदणी केलेली बरी. दिवाणी दाव्याला सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते आणि ती प्रत्येक प्रयोगाच्या पैशासाठी स्वतंत्र मोजली जाऊ शकते, त्यामुळे 'शंभरावा होऊ दे, मग सगळं एकदम करू' हे ऐकून घेण्यापूर्वी आपला पहिला थकलेला प्रयोग कोणत्या तारखेचा आहे, ते डायरीत पाहून घ्यावे.