चार फूट ‘दिले’ म्हणणाऱ्यांनो

आज सकाळी साडेदहाच्या सुमारास अठराव्या ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) जे झालं, त्यावरून आमच्या गोल्फच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुपारपासून खिल्ली चालू आहे. तिथे लिहिलं तर भांडण होईल, म्हणून इथे लिहितोय.

आमच्या चौकडीतला एक जण तीन वर्षं अठरा होल नव्वद शॉटच्या आत संपवायला धडपडतोय. बँकेतली नोकरी. शनिवार-रविवार पहाटे साडेचारचा गजर, सहा दहाची टी, म्हणजे सुरुवात, आणि बाराच्या आत घरी, कारण घरी तसा शब्द दिलेला असतो. आज सतरा होलनंतर कार्डावर ८४. शेवटचा होल पार चार, म्हणजे चार शॉटमध्ये संपावा असा. तिसऱ्या शॉटला ग्रीनवर, तीस फुटांवरून पहिला पट (ग्रीनवरचा घरंगळता फटका), तो होलच्या पुढे जाऊन चार फुटांवर थांबला. परतीचा घातला की पाच, म्हणजे ८९. बाकीचे दोघे एका सुरात म्हणाले, “दिला, दिला! उचल!” म्हणजे न खेळताच गेला असं धर. कॅडी तर वाकलासुद्धा. याने हात आडवा केला, खुणेला नाणं ठेवलं, चेंडू पुसला, परत ठेवला आणि खेळला. उजव्या कडेला चाटून बाहेर. सहा. एकूण ९०. कार्डावर तेच लिहिलं, सही केली आणि चहा सांगितला.

आणि आता ग्रुपवर काय, तर “राजा हरिश्चंद्र”, “शहाणपणाचा पुतळा”, “आम्ही केक आणणार होतो”. आणा की केक. ९० चा आणा!

गिमी म्हणजे काय हे यातल्या निम्म्यांना माहीत नाही, म्हणून सांगतो. समोरच्याचा पट ‘देणं’ हे मॅचप्लेमध्ये, म्हणजे एकेक होल जिंकायच्या लढतीत, चालतं, कारण तिथे प्रतिस्पर्धी एकच असतो आणि त्याचं नुकसान करून घ्यायचा हक्क त्याचा त्यालाच असतो. स्ट्रोकप्लेमध्ये, जिथे एकूण शॉट मोजतात, चेंडू होलमध्ये गेल्याशिवाय होल संपत नाही. उचललात आणि चूक न सुधारता पुढच्या टीवरून मारलंत, की बाद. शेवटच्या होलवर असाल तर कार्ड देण्याआधी सुधारायचं. आज मेडल राउंड, म्हणजे स्ट्रोकप्लेच होता, आणि कार्ड हँडिकॅपसाठी (खेळाच्या कुवतीप्रमाणे मिळणाऱ्या शॉटच्या सवलतीसाठी) जाणार होतं. म्हणजे ते चार फूट ‘द्यायचा’ अधिकार त्या दोघांना नव्हताच. जे आपलं नाही ते दान करायला निघाले होते.

हो, मान्य, हँडिकॅपच्या नियमांतही थोडी मोकळीक आहे. मॅचप्लेसारख्या ठिकाणी होल पुरा न करता चेंडू उचलला आणि तो पाच फुटांच्या आत असेल, तर एक शॉट धरून आकडा लिहिता येतो. त्याच्यापुढे २० यार्डांपर्यंत दोन किंवा तीन, त्याहून लांब असेल तर तीन किंवा चार. पण ही सोय होल सोडायला रास्त कारण असेल तेव्हाची. ‘नव्वदच्या आत यायचंय’ हे रास्त कारण नाही.

दुसरा युक्तिवाद: “एका शॉटने काय बिघडतं?” हिशेब करून टाकू. कोर्स रेटिंग (अव्वल खेळाडूला लागावेत इतके शॉट) ७०.५ आणि स्लोप (बाकीच्यांना कोर्स किती अवघड जातो त्याचा आकडा) १२१ धरा. ९० चा डिफरन्शियल, म्हणजे कोर्सच्या अवघडपणाचा हिशेब धरून येणारा आकडा: ९० वजा ७०.५, गुणिले ११३ (सर्वसाधारण कोर्सचा स्लोप), भागिले १२१, म्हणजे १८.२. ८९ चा १७.३. इंडेक्स, म्हणजे हँडिकॅपचा मूळ आकडा, हा शेवटच्या वीस कार्डांतल्या सर्वांत चांगल्या आठांची सरासरी असतो, त्यामुळे एका कार्डावरच्या एका शॉटने तो जेमतेम ०.१ हलतो. बरोबर आहे, काही बिघडत नाही. पण हे दोघे एकदाच थोडीच उचलतात! दर राउंडला पाच-सहा पट ‘दिले-घेतले’ होतात, त्यातले दोन तरी चुकले असते. दर कार्डावर दोन शॉट कमी, म्हणजे इंडेक्स जवळजवळ १.९ ने खोटा. मग हँडिकॅप वजा करून खेळायच्या नेट स्पर्धेत समोरच्याला दोन शॉट फुकट द्यायचे, हरायचं आणि वर ‘लोक हँडिकॅप फुगवून येतात’ म्हणून बोंब मारायची. अहो, तुमचाच आकसलेला आहे.

थोडा चहा घेऊन आलो. आता जरा शांतपणे.

चार फूट सोपे वाटतात ना? होलचा व्यास १०८ मिलिमीटर. त्या अंतरावरून सरळ पटला पटरचा (पट मारायच्या काठीचा) फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, दोन-अडीच अंश उघडा राहिला, की चेंडू कडेला. टूरवरचे खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच घालतात. आपल्यासारख्यांची ती रेषा त्याच्या बरीच अलीकडे येते. म्हणजे ज्याला आपण ‘दिलेला’ म्हणतो, तोच आपल्या खेळातला सर्वांत अनिश्चित पट.

आजचा मुळात चार फूट का उरला, तेही बघा. सहा दहाला सुरुवात केली तेव्हा ग्रीनवर दव होतं. दवात चेंडू पाणी उडवत जातो आणि आखूड पडतो, म्हणून पहिल्या चार होलवर सगळे जोर वाढवतात. दहानंतर ऊन लागून तेच गवत कोरडं होतं आणि ग्रीन धावायला लागतं, पण हाताला सकाळचा जोर लागलेला असतो. आपल्याकडच्या बर्म्युडा गवताची लवही, म्हणजे पाती कुठे झुकलीत तेही, बघायला हवं. गवत चमकदार दिसलं तर लव तुमच्यापासून पुढे, चेंडू पळणार. गडद दिसलं तर लव तुमच्याकडे, चेंडू अडणार. होलच्या ज्या काठाचं गवत विस्कटलेलं आणि वाळकं असतं, लव त्या बाजूला झुकलेली असते. याने ढाळ बघितला, ऊन विसरला.

परतीचा पट किंचित चढाचा, उजवीकडून डावीकडे वळणारा. तो उजव्या, म्हणजे वरच्या कडेने गेला. कॅडी म्हणाला, “साहेब, प्रो साइडने चुकला.” बरोबर होतं त्याचं. वरच्या बाजूने जाणाऱ्या चेंडूला उतार तरी होलकडे ओढतो. खालच्या बाजूने गेलेला दर इंचाला लांबच जातो. वाचन चुकलं नव्हतं. पटर मागे जरा जास्त गेला, मग पुढे येताना हात आखडला, वेग पडला आणि फेस उघडा राहिला. चार फुटांवर नेहमी हेच होतं. मागे आखूड, पुढे वाहता, आणि न गेल्यास चेंडू होलच्या पुढे फूट-दीड फुटावर थांबेल इतका वेग. डोकं वर करायचं नाही, आवाज डाव्या कानाने ऐकायचा. होलभोवती बुटांच्या खुणा असतील तर दुरुस्त करा. २०१९ पासून ते चालतं, तरी अजून लोक घाबरत विचारतात.

सरावाला महागडं काही लागत नाही. पटरच्या डोक्यापेक्षा बोटभर रुंद जागा सोडून दोन टी (चेंडूखाली लावायच्या खुंट्या) जमिनीत खोचा, चार फुटांवरून त्या फटीतून मारा, आधी सरळ चढाचा, मग वळणाचा. सलग वीस. एक चुकला की पुन्हा एकपासून. सोळा-सतराव्याला हाताला घाम सुटतो, तोच खरा सराव. घरी गालिचावर स्टीलचा पेला आडवा ठेवा. त्याचं तोंड सात-आठ सेंटिमीटर, म्हणजे मैदानावरचा होल परातीएवढा दिसेल. गालिचाचा वेग मात्र ग्रीनवर न्यायचा नाही, तिथे फक्त दिशा घोटायची.

पण नाही, आम्ही नवा ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायची काठी, घेणार! अर्धा लाख घालून दहा यार्ड वाढवणार आणि ते झाडीत घालवणार. तीन मिनिटं शोधायचं, मग एक दंड घेऊन परत टीवर. टीवरून लांब जाणं महत्त्वाचं आहे, नाही कशाला म्हणू. पण नव्वदच्या आत यायला पार ७२ वर सतरा बोगी (पारपेक्षा एक शॉट जास्त) आणि एक पार लागतो, बस. चारशे यार्डांचा पार चार हायब्रिडने १८०, आठ नंबरने १३०, वेजने ९०, दोन पट. बोगी. हे आज त्या माणसाने अठरा होल केलं, ड्रायव्हर पिशवीतून जेमतेम चारदा काढला. आणि तुम्ही त्याच्या शेवटच्या चार फुटांवर हसताय.

१९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत रॉबर्तो दे विचेन्झोने सतराव्या होलला तीन मारले, मार्करने (आकडे लिहिणाऱ्या सोबतच्या खेळाडूने) कार्डावर चार लिहिले, त्याने न बघता सही केली. खऱ्यापेक्षा जास्त लिहिलेला आकडा तसाच धरला जातो. एका शॉटने प्लेऑफ, म्हणजे बरोबरीनंतरची लढत, गेला, जिंकला बॉब गोल्बी. टीव्हीवर सगळ्या जगाने तीन बघितले होते, पण कार्डावर चार होते. कमी लिहून सही केली असती तर सरळ बाद. या खेळात आपल्याबरोबर पंच फिरत नाही. कार्ड, मार्कर आणि आपली सही, एवढंच.

मित्रामित्रांत रविवारची मजा म्हणून खेळताना, मागचा गट कमरेवर हात ठेवून उभा असताना, वीतभर राहिलेला उचलायला माझीही ना नाही. वीतभर. चार फूट नाही.

एवढं लिहिलं आणि आत्ताच त्याचा ग्रुपवर मेसेज आला. खिल्लीला उत्तर नाही, काही नाही. “शनिवार, ६.१०, चौथा कोण?” मी नाव टाकलंय. ज्यांना पट वाटायचेत, त्यांनी ६.२० च्या गटात जावं.