बाझील म्हणजे नुसता मोनेचा मित्र नव्हे

कोल्हापुरात पोर्ट्रेटचं वेड जुनं. बाबूराव पेंटरांचं नाव निघाल्याशिवाय इथं चित्रांच्या गप्पा रंगत नाहीत. जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखं गाव, त्यामुळं लढाईत गेलेल्या जवानाचं फोटोवरून पोर्ट्रेट करणंही आपल्याला नवं नाही. पण पोर्ट्रेट करणाराच रणात पडला, तो फ्रेंच चित्रकार फ्रेडरिक बाझील आमच्या कट्ट्यावर कुणाला ठाऊक नसतो. असलाच तर ‘मोनेला, म्हणजे त्या नामांकित फ्रेंच चित्रकाराला, पैसे पुरवणारा’ म्हणून. याचाच मला राग येतो.

पैसे दिले, खरं आहे. मोनेचं बागेतल्या बायकांचं मोठं चित्र त्यानं 2500 फ्रँकला घेतलं, महिना 50 च्या हप्त्यानं. (स्वतःचा खर्च घरच्यांच्या पैशावर चालायचा, तरी.) पण तेवढीच त्याची ओळख?

दक्षिण फ्रान्समधल्या मोंपेलिएच्या खात्यापित्या घरातला पोरगा, जन्म 1841 चा. डॉक्टर व्हायला पॅरिसला गेला, 1864 ला परीक्षेत नापास झाला आणि रंगातच रमला. शिकलेली डॉक्टरकी वाया गेली नाही म्हणा. 1865 ला मोनेचा पाय दुखावला, तेव्हा यानं पलंगावर भांडं टांगून पायावर पाण्याची धार धरली, आणि तसाच आडवा, वैतागलेला मोने रंगवून ठेवला! मित्राचा एवढा खरा चेहरा मला दुसरीकडं क्वचितच दिसला.

1867 चं, चित्रकार मित्र रन्वारचं यानं केलेलं पोर्ट्रेट बघा. पाय खुर्चीवर घेऊन बसलाय गडी, पोझ म्हणून नाहीच. त्याच वर्षीचं कुटुंबाचं चित्र तर याच्या उलट. गच्चीवर घरची मंडळी फोटोला बसल्यासारखी ताठ, जवळपास सगळ्यांची नजर आपल्यावर, आणि स्वतः बाझील पार डाव्या कडेला, जेमतेम चौकटीत. ते 1868 च्या सलोनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनात, लागलं.

प्रशियाशी युद्ध पेटल्यावर ऑगस्ट 1870 मध्ये हा आपणहून फ्रेंच पायदळाच्या झुआव्ह पलटणीत भरती झाला. मोने लंडनला गेला. 28 नोव्हेंबरला बोन-ला-रोलांदच्या लढाईत बाझील पडला. वय 28. बापानं स्वतः जाऊन मृतदेह घरी आणला.

इम्प्रेशनिस्टांचं, म्हणजे मोने, रन्वार या क्षणाचा उजेड टिपणाऱ्या मंडळींचं, पहिलं प्रदर्शन 1874 चं; ते बघायला हा उरला नव्हता. म्हणून सगळे म्हणतात, ‘जगला असता तर...’ अरे, जे केलंय ते तरी आधी बघा की! चित्रकलेच्या वर्गात मोनेच्या कमळांवर तास संपतो, त्यातली दहा मिनिटं त्या गच्चीवरच्या मंडळींना द्यायला काय हरकत आहे?